घंटा कुणाच्या कातडीवर वाजते?

(युवक मेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना जे राहून गेलं ते लिहिताना भरलं आहे.)



मी कविता लिहितो हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. आज कविता वाचणार नाही. आज कचऱ्यावर बोलणार आहे. कचऱ्यातून येणाऱ्या किरणांवर. विषय ऐकून मघाशी बाहेर चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, "हा ॲटमचा विषय. तू मॅट्रिक, गोदीतला हमाल. तू काय सांगणार?" मी म्हणालो, बाबा, ॲटम फोडतात ते शास्त्रज्ञ. पण ॲटमचं भंगार फोडतात ते आपले लोक. छिन्नी-हातोडा घेऊन, उघड्या हातांनी. म्हणून मी बोलणार.

आधी यंत्र समजून घेऊ. कारण जे यंत्र आपल्याला कळत नाही त्याची मागणीही आपल्याला करता येत नाही.

मी काम करतो त्या बंदराच्या गेटवर दोन बाजूंना दोन उंच खांब आहेत, लोखंडी कपाटासारखे. कंटेनर घेतलेला ट्रेलर त्यांच्यामधून बैलगाडीच्या चालीने जातो. खांबांच्या पोटात एका खास प्लॅस्टिकच्या मोठ्या पाट्या असतात. गॅमा किरण त्यावर आदळला की आत बारीकशी चमक होते. आपल्या डोळ्याला ती दिसत नाही, यंत्र ती मोजतं. जमिनीतून, आभाळातून, भिंतीच्या विटांतून थोडे किरण रात्रंदिवस येतच असतात. तो रोजचा आकडा यंत्राला पाठ असतो. गाडी आली आणि आकडा त्याच्या बराच वर गेला की घंटा होते, लाल दिवा लागतो. गाडी बाजूला काढतात. मग हातातलं लहान यंत्र घेऊन साहेब येतो आणि पदार्थ कोणता ते शोधतो. प्रत्येक पदार्थाच्या किरणांची ताकद निराळी, त्यावरून त्याचं नाव कळतं.

आमच्याकडे एकदा टाइल्सच्या कंटेनरला घंटा झाली. काही नव्हतं. चिनीमातीत, पोटॅश खतात, भट्टीच्या विटांत निसर्गाचेच किरण असतात. तासाभरात गाडी सुटली. पण त्या तासात मी पाहिलं की माल किती जपला जातो. दोरी बांधली, पाटी लावली, वायरलेस खणखणले. आणि मला आमच्या वस्तीतल्या बाया आठवल्या. त्या सकाळी आकडी घेऊन कचऱ्याच्या ढिगावर जातात. त्यांच्या ढिगाला गेट नाही, घंटा नाही, दोरी नाही.

आता कुणी म्हणेल, घरच्या कचऱ्यात किरण येणार कुठून? तर ऐका.

थायरॉइडच्या दुखण्यात, थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये पेशंटला आयोडीन-१३१ देतात. औषध चांगलं आहे, माणसं त्यानं बरी होतात. पण पुढे काही दिवस त्याच्या लघवीतून, घामातून, थुंकीतून ते बाहेर पडत राहतं. डायपर, पॅड, तोंड पुसलेला कागद, सगळं पिशवीत, पिशवी डब्यात, डबा गाडीत. अमेरिकेत कितीतरी डंपिंगच्या वजनकाट्यावरच असे खांब बसवलेत. तिथे घंटा होते तेव्हा बहुतेक वेळा असंच काहीतरी निघतं. आयोडीनचं अर्धायुष्य आठ दिवस. म्हणजे आठ दिवसांनी जोर निम्मा, सोळा दिवसांनी पाव. ती पिशवी ऐंशी दिवस बंद जागी ठेवली तर हजारातला एक भाग उरतो. मग ती साधा कचरा. तपासणीसाठी देतात ते टेक्नेशियम तर सहा तासांत निम्मं होतं.

आणखी काय? जुन्या घड्याळांच्या तबकड्यांवर रात्री चमकणारा रंग असायचा, त्यात रेडियम होतं. धुराची घंटा देणाऱ्या काही डब्यांत अमेरिशियमचा कण असतो. पेट्रोमॅक्सच्या मेंटलमध्ये थोरियम असायचं. लग्नाच्या वरातीत त्या बत्त्या डोक्यावर घेऊन कोण चालायचं हे मी सांगायला नको. रिक्षाच्या मागे 'रेडियम' म्हणून पट्ट्या चिकटवतात, त्यात मात्र रेडियम नसतं, नुसतं नाव.

हे सगळं सांगतो ते भीती घालायला नाही. एका डायपरने कुणी मरत नाही. घड्याळाच्या तबकडीने गल्ली ओस पडत नाही. फुकटची भीती हीसुद्धा गरिबाच्याच विरुद्ध वापरली जाते, त्याच्यावर मी येणार आहे. पण कधीमधी याच कचऱ्यात, याच भंगारात दुसरी एक चीज येते. मुठीएवढी, जड, शिशाच्या कवचात बंद केलेली. ती दवाखान्याच्या मशीनमधून येते, कॉलेजच्या प्रयोगशाळेतून येते, कारखान्यातून येते. ती आली की गोष्ट डायपरची राहत नाही.

ब्राझील देशात गोयानिया नावाचं शहर आहे. तिथे कॅन्सरवर किरणांचा उपचार करणारा एक खाजगी दवाखाना होता. १९८५ च्या सुमारास त्याने जागा सोडली आणि सीझियम-१३७ चं मशीन तिथेच टाकून दिलं. रिकामी, पडकी इमारत. १३ सप्टेंबर १९८७ ला दोन गरीब पोरं आत शिरली. शिसं, पोलाद विकून चार पैसे मिळतील म्हणून त्यांनी मशीनचं डोकं काढलं आणि हातगाडीवर घालून घरी नेलं. त्या रात्रीपासून त्यांना उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरला वाटलं, खाण्यातून काही झालं असेल. मग तो माल भंगारवाल्याकडे गेला. रात्री त्याने पाहिलं तर आतून निळा उजेड येतोय. त्याला तो मौल्यवान वाटला. शेजारी आले, नातेवाईक आले, बघितलं, चिमूट-चिमूट घरी नेलं. कुणी अंगाला चोळलं. एका सहा वर्षांच्या पोरीने ती भुकटी लागलेल्या हातांनीच घास खाल्ला.

सगळा ऐवज किती? ९३ ग्रॅम. आपण पावशेर शेंगदाणे घेतो त्याच्या निम्म्यापेक्षा कमी.

दोन आठवडे शहरातल्या कुठल्याही यंत्राने घंटा दिली नाही. घंटा दिली ती भंगारवाल्याच्या बायकोने. घरातली माणसं एकामागून एक आजारी पडताहेत आणि हे सगळं ती चमकणारी चीज आल्यापासून, हे तिच्या ध्यानात आलं. २८ सप्टेंबरला दुकानातल्या एका कामगाराला बरोबर घेऊन, ती चीज पिशवीत घालून, बसने ती आरोग्य खात्याच्या दवाखान्यात गेली आणि म्हणाली, हे माझ्या माणसांना मारतंय. दुसऱ्या दिवशी एका शास्त्रज्ञाने जमिनीतलं युरेनियम शोधायचं यंत्र उसनं आणलं. काटा असा वर गेला की त्याला वाटलं यंत्र बिघडलंय. त्याने दुसरं आणलं. तेही तसंच. तोवर आगीच्या बंबवाल्यांनी ती चीज नदीत फेकायची तयारी केली होती. तो वेळेवर पोचला म्हणून नदी वाचली.

चार माणसं मेली. ती सहा वर्षांची पोरगी मेली. आणि ती बाई पण मेली, जिने सगळं शहर वाचवलं. एक लाख बारा हजारांवर माणसं स्टेडियममध्ये रांगा लावून तपासली. २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात सीझियम सापडलं.

दोस्तांनो, या बाईकडे कसलं यंत्र होतं? काही नाही. तिच्या घरच्यांच्या उलट्या आणि भाजलेले हात हेच तिचं मीटर. मला आज एवढंच सांगायचंय. जिथे मीटर बसवत नाहीत तिथे गरिबाचं शरीर मीटर म्हणून वापरतात. कातडी काळी पडते, केस गळतात, तेव्हा शहराला कळतं की इथे किरण होते.

मग ही गेटं आली कुठून? तीही एका भंगाराच्या दुकानाने आणली. मेक्सिकोत स्युदाद ह्वारेझ नावाच्या गावात, १९८३ च्या अखेरीस, दवाखान्याच्या गोदामात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं कोबाल्टचं मशीन भंगारात गेलं. आत कोबाल्ट-६० चे सुमारे सहा हजार बारीक दाणे. ते सांडले, लोखंडाबरोबर वितळले, त्याच्या सळया झाल्या, टेबलाचे पाय झाले. सळया घरांच्या स्लॅबमध्ये गेल्या. कुणालाच पत्ता नाही. १६ जानेवारी १९८४ ला सळयांचा एक ट्रक अमेरिकेत लॉस अलामॉसच्या अणुप्रयोगशाळेच्या वाटेवर चुकून वळला आणि तिथली घंटा वाजली. ट्रक चुकला म्हणून कळलं! तो सरळ गेला असता तर? पुढे कितीतरी घरं पाडावी लागली. त्यानंतर पोलादाचे कारखाने आणि भंगाराचे मोठे व्यापारी आपापल्या दारात यंत्रं बसवू लागले. एकदा कोबाल्ट भट्टीत वितळलं की सगळी भट्टी, सगळा माल वाया. नुकसान मोठं. म्हणजे गेट जन्माला आलं ते मालाच्या काळजीतून.

याचं टोक आपल्या महाराष्ट्रात आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं. बटणाचं पोलाद हिंदुस्थानातून गेलं होतं, आणि माग काढत तपास आला तो आपल्या खोपोलीच्या एका फाउंड्रीपर्यंत. फ्रान्समधल्या वीसेक कामगारांना किती किरण लागले त्याचा आकडा जगभर छापून आला. छापायलाच पाहिजे होता, ते आपलेच भाऊ. पण त्याआधी ते भंगार कुणी वेचलं, कुणी तोडलं, कुणी डोक्यावरून भट्टीपर्यंत नेलं, त्यांचा आकडा तुमच्यापैकी कुणी वाचला? हात वर करा.

गोदीचीही एक गोष्ट सांगतो. जुलै २०१० मध्ये इटलीतल्या जेनोआ बंदरात तांब्याच्या भंगाराचा एक कंटेनर उतरला. आत कोबाल्ट-६०. बंदराने काय केलं? तो बाजूला घेतला, भोवती दुसऱ्या कंटेनरांची भिंत उभी केली, आणि वर्षभर तसाच ठेवला. मग यंत्रमानव लावून उघडला. आत एक बारीक कांडी निघाली. वर्षभर! कारण तिथल्या माणसाच्या जिवाची किंमत तिथल्या कायद्याने लावलेली होती. मी हे हेव्याने सांगत नाही. एवढी किंमत लावता येते, हे दाखवायला सांगतो.

आता या. त्याच २०१० सालात, जेनोआच्या तीन महिने आधी, एप्रिलमध्ये, दिल्लीच्या मायापुरीत काय झालं ते बघा. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात एक गॅमा किरणांचं मशीन होतं. १९६८ साली कॅनडातून आणलेलं. १९८५ पासून ते बंद. पंचवीस वर्षं खोलीत पडून. फेब्रुवारी २०१० मध्ये इतर अडगळीबरोबर त्याचा लिलाव झाला आणि ते मायापुरीच्या भंगार बाजारात गेलं. कामगारांनी ते तोडलं. आत कोबाल्टच्या कांड्या. एकाने चमकदार तुकडा पाकिटात घालून खिशात ठेवला. कातडी काळी पडली, केस गळाले, जुलाब, उलट्या. सात जण दवाखान्यात. २६ एप्रिलला एक कामगार मेला.

थोडा हिशेब करू. कोबाल्टचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं. १९६८ ते २०१० म्हणजे बेचाळीस वर्षं, आठ वेळा निम्मं. दोनशे छप्पन्नातला एक भाग उरला होता. त्या उरलेल्या एका भागाने माणूस मारला. विद्येच्या मंदिरात ज्यांना हे अर्धायुष्य तोंडपाठ होतं त्यांच्या दारातून तो माल बाहेर पडला, आणि ज्याने त्याचं नावही ऐकलं नव्हतं त्याच्या हातात गेला.

आणि लक्षात घ्या, इथे बंदरावरचं गेट काहीच करू शकत नव्हतं. माल समुद्रावरून आलाच नाही. दिल्लीच्या पोटातून निघाला आणि दिल्लीच्याच पोटात गेला. बंदरावर शंभर गेटं बसवा, शहरातल्या शहरात फिरणाऱ्या भंगाराला ती दिसतही नाहीत.

मग कायदा काय म्हणतो? २०१६ चे घनकचऱ्याचे नियम काढून वाचा. सुरुवातीलाच लिहिलं होतं, किरणोत्सर्गी कचऱ्याला हे नियम लागू नाहीत. त्याच सालचे दवाखान्यांच्या कचऱ्याचे नियम, तिथेही तेच. त्याच्यासाठी अणुऊर्जेचा वेगळा कायदा, वेगळं खातं. कागदावर हे ठीक दिसतं, जाणकारांनीच ते बघावं. पण आपल्या बाईच्या गोणीत येताना कचरा खातं विचारून येत नाही. पालिकेचा मुकादम म्हणणार, हे आमच्याकडे नाही. अणूचा साहेब म्हणणार, तुमचं डंपिंग आमच्याकडे नाही. या दोन 'नाही'च्या मध्ये आपली बाई उभी आहे. बाहत्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबईला आलेली, आणि आता तिची सून, आणि सुनेची पोरगी. १९२७ पासून देवनारला या शहराचा कचरा पडतोय. त्या कचऱ्यात हात कुठल्या जातीचे, हे मोजायला कुठलंही यंत्र लागत नाही. कुणी म्हणतं, पोटासाठी करतात. मग गावातल्या भटा-बामणाचं, सावकाराचं पोट नव्हतं का? त्यांच्या पोराला उकिरडा का मिळाला नाही?

आता फुकटच्या भीतीबद्दल. गोयानियात त्या सहा वर्षांच्या पोरीला शिशाच्या पेटीत घालून पुरायला नेलं तेव्हा जमाव जमला आणि त्यांनी तिच्या पेटीवर दगड मारले. त्या शहरातल्या माणसांना बाहेर हॉटेलं जागा देईनात. आम्ही स्वच्छ आहोत असा दाखला खिशात ठेवून माणसं फिरत होती. ऐकल्यासारखं वाटतं ना? आपल्याला विटाळ कुणी समजावून सांगायला नको. म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा आणि वस्तीत सांगा. ज्याच्या अंगावर नुसते किरण पडले तो माणूस दुसऱ्याला बाधत नाही. एक्स-रे काढून आलेला माणूस बाधतो का? भुकटी अंगाला, कपड्याला लागली असेल तर ती दुसऱ्याला लागू शकते. त्यासाठी कपडे काढून वेगळे ठेवायचे, साबण-पाण्याने धुवायचं आणि तपासून घ्यायचं. किरणांनी माणूस आजारी पडतो, बाटत नाही. उद्या आपल्या एखाद्या बाईच्या गोणीला घंटा झाली आणि शेजारणीने तिचा नळ बंद केला, तर आपण हरलो.

आणि घंटा झाल्यावर पुढे काय, ते आत्ताच ठरवलं पाहिजे. कारण आज गेट बसवलं तर काय होईल ते मला दिसतंय. घंटा होणार, गाडी बाजूला लागणार, आणि मुकादम हाक मारणार, "ए, चढ वर, कुठली पिशवी ती काढ." कोण चढणार? ठेक्यावरचा. हातमोजे नसलेला. असं गेट आपल्याला नको.

म्हणून आपल्या मागण्या साध्या शब्दांत मांडतो. यावर भांडा, दुरुस्त करा, पण बोला.

पहिली. दवाखाना, कॉलेज, कारखाना, जिथे जिथे अशी चीज आहे तिथून मीटर लावल्याशिवाय आणि सही केल्याशिवाय एकही वस्तू भंगारात निघता कामा नये. सही करणाऱ्याचं नाव वाचता आलं पाहिजे.

दुसरी. डंपिंगच्या प्रत्येक वजनकाट्यावर गेट, आणि कचरा जिथे हाताने निवडला जातो तिथे, भंगाराच्या गल्लीत, हातातलं मीटर. पहिला हात लागायच्या आधी. माल निर्यात व्हायच्या आधी एवढंच पुरेसं नाही.

तिसरी. घंटा झाली की शिकलेला माणूस येईपर्यंत कुणीही गाडीवर चढणार नाही. त्या दिवसाची मजुरी कापायची नाही. जवळ असलेल्या प्रत्येकाची तपासणी फुकट, आणि कागद त्याच्या हातात.

चौथी. ज्याने चीज शोधून दिली त्याला चोर धरायचं नाही. भंगारवाल्याला पोलिसाची धास्ती असली तर तो ती चीज गुपचूप नाल्यात टाकेल. गोयानियाची बाई पोलिसाला घाबरली असती तर आणखी किती मेले असते?

हे मिळेपर्यंत आपण काय करायचं? एक चित्र ओळखायला शिका. पिवळ्यावर काळा, मधे ठिपका आणि तीन पाती. आपल्याला तो पंखा वाटतो. नुसत्या आपल्यालाच नाही. जगात अनेकांना तो पंखाच वाटतो. म्हणून २००७ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने आणखी एक चित्र काढलं. लाल त्रिकोण, वर तो पंखा आणि त्यातून येणारे किरण, खाली कवटी आणि पळणारा माणूस. अकरा देशांत लोकांना दाखवून ते ठरवलं, त्यात आपला देशही होता. चांगलं केलं. पण ते मशीनच्या आतल्या भागावर असतं, कवच उघडल्यावर दिसावं म्हणून. म्हणजे दिसेल तेव्हा हातात छिन्नी असणार. दिसलं की छिन्नी तिथेच टाका.

आकाराच्या मानाने भलतीच जड वस्तू, शिशाची जाड पेटी, दवाखान्याच्या मशीनचं डोकं, हे काही आलं तर तोडू नका, तापवू नका, खिशात घालू नका, पोरांना खेळायला देऊ नका. लांब व्हा. दुप्पट लांब गेलात तर किरण चौथा हिस्सा लागतात, तिप्पट गेलात तर नववा. लांब होणं हे गरिबालाही परवडतं. दुसऱ्यांनाही लांब ठेवा, आणि कळवा. एकट्याने कळवू नका, दहा जण मिळून कळवा. एकट्याचं कुणी ऐकत नाही आणि एकट्यालाच आत घेतात.

येत्या रविवारी या दोन चित्रांचे कागद घेऊन आपण भंगाराच्या गल्ल्यांतून फिरणार आहोत. ज्यांना चित्र काढता येतं त्यांनी आज थांबा, खडू-कागद माझ्याजवळ आहेत. ज्यांच्या घरी आई, मावशी, बहीण कचरा वेचायला जाते त्यांनी तिलाही बरोबर आणा. ढीग आपल्यापेक्षा तिला जास्त कळतो. बोलायचं तिने, कागद धरायचे आपण.

शहराला घंटा पाहिजे असेल तर ती यंत्राने वाजवावी. आपल्या कातडीवर पुष्कळ वाजवून झाली.

जय भीम.